भुयार शोधायला निघण्याआधी: जमिनीच्या पोटात पाहण्याची रीत, पायरीपायरीने

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या राजभवनात एक भिंत फोडली आणि आत ब्रिटिशांच्या काळातला अख्खा बंकर निघाला. तेरा खोल्या, पाच हजार चौरस फुटांहून जास्त जागा, आणि 'शेल स्टोअर', 'कार्ट्रिज स्टोअर', 'वर्कशॉप' अशी खोल्यांना दिलेली नावे. मलबार हिलसारख्या गजबजलेल्या टेकडीच्या पोटात हे सगळे कित्येक दशके बंद पडून होते. ते सापडले तेव्हा कुठलेही यंत्र लावलेले नव्हते. तिथे भुयार आहे असे जुन्या माणसांनी राज्यपालांच्या कानावर घातले होते, म्हणून बांधकाम खात्याने ती भिंत फोडली.

मी विहिरी-बोअरसाठी जमिनीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा विरोध, मोजतो आणि शहरात रस्ता खणण्याआधी केबल-पाइप शोधायला भूवेधी रडार (जीपीआर) फिरवतो. सुट्टीच्या दिवशी गड, गढ्या, वाडे. त्यामुळे गडप्रेमी मुलेमुली, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी आणि गुप्त तळांचे व्हिडिओ पाहून झपाटलेली मंडळी हमखास एकच विचारतात: "ते जीपीआर भाड्याने किती पडतं?" हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. त्याच्या आधीचे प्रश्न कुठले, ते या लेखात क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: नेमके काय शोधताय ते आकड्यांत लिहा

"किल्ल्याखाली काहीतरी आहे" यावर मोजणी करता येत नाही. कागदावर तीन आकडे लिहा: रुंदी अंदाजे किती, छत किती खोल, लांबी किती. मग एक हिशोब करा, जो मला फार उपयोगी पडतो. खणलेला दगड गेला कुठे?

शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे, असे पुण्यात कित्येकांनी लहानपणी ऐकलेले असते. सरळ अंतर सुमारे अडीच किलोमीटर. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच भुयार धरले तर दहा हजार घनमीटर दगड-माती बाहेर निघाली असती. फोडलेला दगड जवळपास दीडपट फुगतो, म्हणजे पंधरा हजार घनमीटर. आजच्या दहा घनमीटरच्या डंपरने दीड हजार खेपा. बैलगाडीने किती, ते तुम्हीच मोजा. एवढ्या कामाची मजुरी कुठल्या तरी दप्तरात उतरलीच असती आणि मलब्याचा ढीग कुठे तरी उरला असता.

पण म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा जमिनीखालचा नळ खरोखर बांधला गेला. काही ठिकाणी त्यातून माणूस चालत जाऊ शकतो, आणि त्याच्या वाटेवर हवेसाठी, साफसफाईसाठी उच्छ्वास बांधलेले आहेत. शहरात अचानक उघडे पडलेले असे बांधकाम पाहिलेल्या माणसाने घरी जाऊन "भुयार पाहिलं" असेच सांगितले असणार. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहरही याच जातीची. एका रेषेत ठरावीक अंतराने उभे असलेले मनोरे किंवा झाकलेली तोंडे दिसली, की आधी पाण्याचा मार्ग समजा. लष्करी तळ मागाहून.

दुसरी पायरी: कागद आणि माणसे

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. जुनी गॅझेटियर वाचा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे आणि आजचे उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवून पाहा. अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. शहरे पसरण्याआधीची जमीन त्यांत दिसते, आणि आज इमारतींखाली गेलेले चर, बांध, टेकाडे ओळखू येतात.

मग गावात जा, आणि एकदाच जाऊन भागत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २०२२ मध्ये सुमारे दोनशे मीटर लांबीचे, १८९० च्या सुमाराचे भुयारी बांधकाम सापडले, त्याची सुरुवात पाणी झिरपण्याच्या तक्रारीतून झाली. भिंतीला ओल का येते, पावसाळ्यात कुठे जमीन खचते, कुठे गुरांचा पाय आत जातो, उन्हाळ्यात कुठले गवत आधी वाळते, या गोष्टी तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतात.

तिसरी पायरी: परवानगी

हे लवकर आटपते, पण टाळता येत नाही. जमिनीच्या मालकाची लेखी संमती घ्या. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असो वा राज्याच्या, मोजणीलाही खात्याची परवानगी लागते. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित आहे. परवानगीशिवाय कुदळ मारणे हा गुन्हा आहे. आणि काही मौल्यवान सापडलेच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्या कायद्यातली किमतीची मर्यादा आजही दहा रुपये आहे.

चालू लष्करी ठाणी, धरणे, सीमाभाग यांच्या जवळपासही यंत्र घेऊन फिरू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी.

चौथी पायरी: जमीन पाहून यंत्र ठरवा

भूवेधी रडार, म्हणजे जीपीआर, जमिनीत रेडिओ लहरी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी किती नॅनोसेकंदांनी आला ते नोंदवते. ते भुयार दाखवत नाही. दोन पदार्थांतला फरक दाखवते. हे एवढे मनावर कोरून ठेवा, पुढच्या निम्म्या चुका टळतील.

लहरी किती खोल जातील ते माती ठरवते. कोरड्या वाळूत १०० मेगाहर्ट्झचा अँटेना दहा मीटरपर्यंतही पाहू शकतो. ओल्या चिकणमातीत तोच मीटरभरात आंधळा होतो. आपल्या देशावरची काळी माती रडारची शत्रू आहे. पावसाळ्यानंतर शेतात रडार फिरवणे म्हणजे पैसे बुडवणे. याउलट गावठाणाची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट माती, उन्हाळ्यात सुकलेली असेल तर बऱ्यापैकी साथ देते. अँटेना जितका कमी मेगाहर्ट्झचा तितका खोल पोचतो, पण बारकावा हरवतो. ४०० चा अँटेना दीड-दोन मीटरपर्यंतचे पाइप, चर, तळघराची छते शोधायला बरा. एप्रिल-मे हा आपल्याकडे रडारचा हंगाम.

रेझिस्टिव्हिटीत जमिनीत सळया ठोकून वीज सोडतात आणि विरोध मोजतात. हवेने भरलेली पोकळी प्रचंड विरोध दाखवते, पाण्याने भरलेली उलट कमी. म्हणजे एकच भुयार मे महिन्यात 'चढ' दिसेल आणि ऑगस्टमध्ये 'उतार'. एक-एक मीटरवर ४८ सळया लावल्या तर पसारा ४७ मीटरचा होतो आणि नजर साधारण आठ-नऊ मीटर खोल जाते. काळ्या मातीतही हे चालते, म्हणून माझा भर यावर जास्त. फक्त उन्हाळ्यात सळईच्या बुडाशी मिठाचे पाणी ओता, नाहीतर वीज जमिनीत शिरतच नाही.

तिसरे, सूक्ष्म गुरुत्वमापन. पोकळीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते. किती किंचित, ते पाहा: बेसाल्टमध्ये पाच मीटर खोलीवर दोन मीटर व्यासाचे गोल भुयार असेल तर फरक साधारण २३ मायक्रोगल (गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजण्याचे एकक). तेच वीस मीटरवर असेल तर सहाच्या आत. चांगल्या यंत्राची खात्रीची मर्यादा पाचेक मायक्रोगल, आणि यंत्राची उंची मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर तीन मायक्रोगल तिथेच गेले. डोंगरउतारावर नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये.

चुंबकीय मोजणी स्वस्त आणि वेगवान असते, लोखंड शोधायला उत्तम. पण सह्याद्रीचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे. त्यामुळे आपल्या किल्ल्यांवर ती इतक्या खुणा दाखवते की कुठली खरी ते कळत नाही.

सगळ्यांना लागू पडणारा अंदाज असा: पोकळी जितकी रुंद, तितक्याच खोलीपर्यंत, फार तर दुपटीपर्यंत ती भूपृष्ठावरून खात्रीने सापडते. त्याखाली नशीब. कोरियाच्या सीमेवर हे फार मोठ्या किमतीने शिकले गेले. उत्तरेकडून खणलेले तिसरे भुयार १९७८ मध्ये सापडले ते ७३ मीटर खोल, दोन मीटर रुंद, दीड किलोमीटरहून लांब होते. ते वरून शोधणे अवघडच. पळून आलेल्या माणसाने दिलेली खबर, तिच्यावरून ओळीने घेतलेली बोअर, त्यांत पाणी भरलेले पाइप, आणि खाली सुरुंग उडाला तेव्हा एका पाइपातून उसळलेले पाणी, या वाटेने ते हाती लागले. आतल्या ग्रॅनाइटच्या भिंतींना कोळशाची पूड फासलेली होती, खाण असल्याचे भासवायला.

पाचवी पायरी: जमिनीवर रेषा आखा

दोन फिती, खुंट्या, चुना, आणि वही. आयताची एक बाजू आधाररेषा धरा, कोपऱ्यांचे जीपीएस घ्या, आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर समांतर रेषा मारा. आधी उभ्या, मग आडव्या. यंत्राचे चाक फितीवर तीस मीटर चालवून तपासा. चाकात दोन टक्के चूक असली तरी रेषेच्या शेवटी साठ सेंटिमीटरचा घोळ होतो. मोबाइल लांब ठेवा. वहीत प्रत्येक झाड, विजेची तार, लोखंडी जाळी, दगडी पायरी नोंदवा.

आणि सगळ्यात आधी माहीत असलेल्या पोकळीवरून यंत्र फिरवा. रस्त्याखालची मोरी असेल, गडावरचे कोरीव टाके असेल. या मातीत, आजच्या ओलीत, खरी पोकळी पडद्यावर कशी दिसते ते डोळ्यांत बसले की मगच अनोळखी जागेकडे वळा. नवी मुले ही तासाभराची पायरी गाळतात आणि मग दोन दिवस अंदाज बांधत बसतात.

सहावी पायरी: चित्र वाचणे

जमिनीतल्या लहान वस्तूवरून रडार गेले की पडद्यावर उलट्या सुपासारखी कमान उमटते. वस्तू कमानीच्या माथ्यावर असते, तिचे पाय निव्वळ प्रतिध्वनीचे. कमानीच्या पसरटपणावरून मातीतला लहरींचा वेग काढता येतो, आणि वेग मिळाला की खोली. वेग गुणिले वेळ, भागिले दोन, कारण लहर गेली आणि परतही आली.

कमान फारच पसरट असेल, वेग नॅनोसेकंदाला तीस सेंटिमीटर येत असेल, तर ती लहर हवेतून गेलेली आहे. वर पाहा: तार, फांदी, किंवा शेजारची भिंत सापडेल. पहिल्या वर्षी प्रत्येकजण एकदा तरी विजेच्या तारेला तळघर समजतो.

खरी हवेची पोकळी असेल तर छताचा प्रतिध्वनी जोरदार येतो आणि त्याचे काळे-पांढरे पट्टे नेहमीच्या उलट क्रमाने पडतात. आणखी एक गंमतीची पण महत्त्वाची गोष्ट: हवेत लहर कोरड्या मातीच्या दुपटी-अडीचपटीने धावते, म्हणून पोकळी पडद्यावर चेपलेली दिसते. तीन मीटर उंचीची खोली लहर जाऊन-येऊन वीस नॅनोसेकंदांत पार करते. तुम्ही मातीचाच वेग लावला तर ती जेमतेम सव्वा मीटरची वाटेल.

बेसाल्टच्या प्रदेशात फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. दोन लाव्हा थरांमधला लाल मातीचा पट्टा लांबलचक सपाट रेषा दाखवतो, जणू तळघराची फरशी. कुजलेल्या दगडात शिल्लक राहिलेले गोल धोंडे कमानी उमटवतात. निसर्गाने केलेल्या पोकळ्याही असतात.

सातवी पायरी: दुसऱ्या यंत्राचा होकार

इथे पोलंडची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. १९४३ च्या अखेरीपासून नाझींनी तिथल्या घुबड पर्वतात 'रीझ', म्हणजे 'राक्षस', नावाने भूमिगत तळांची साखळी खोदायला घेतली. क्शाँझचा किल्ला आणि आसपासचे डोंगर मिळून सात ठिकाणे, सगळी मिळून काही किलोमीटर बोगदे. ते खणले ग्रोस-रोझेन छळछावणीच्या कैद्यांनी, आणि त्यांतले हजारो जण तिथेच मेले. काम अपुरे राहिले. एवढे सगळे कशासाठी चालले होते, यावर आजही वाद आहे. अशा मुलखात अफवा पिकणारच, आणि सोन्याने भरलेली आगगाडी डोंगरात गाडली गेल्याची गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

ऑगस्ट २०१५ मध्ये वाउब्झिख शहराजवळ दोन शोधकांनी ती गाडी सापडल्याचे जाहीर केले. पुरावा: रडारचे चित्र. एका उपमंत्र्यांनी ते पाहून आपली ९९ टक्क्यांहून जास्त खात्री असल्याचे सांगितले आणि जगभरचे पत्रकार त्या जागी येऊन थांबले. मग क्राकोवच्या एजीएच विद्यापीठाच्या चमूने त्याच जागी चुंबकीय, गुरुत्वीय आणि रडार अशी मोजणी केली. डिसेंबरात त्यांनी सांगितले: बोगदा कदाचित असेल, गाडी नाही. शंभर मीटरची पोलादी गाडी असती तर चुंबकीय मोजणीत ती लपलीच नसती. शोधकांचे समाधान झाले नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये यंत्रे लावून खणले. आठवड्याभरात काम थांबले. गाडी नाही, रूळ नाहीत, बोगदाही नाही. रडारवर जे दिसले ते जमिनीतल्या नैसर्गिक रचना होत्या.

त्या चित्रात खोटे काही नव्हते. बघणाऱ्यांच्या मनात गाडी आधीपासून होती. म्हणून नियम करा: एका यंत्रावर दिसलेल्या खुणेला वहीत 'विसंगती' म्हणायचे, भुयार नाही. दुसऱ्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राने त्याच जागी, त्याच खोलीवर होकार दिला, तरच पुढे.

आठवी पायरी: छोटे भोक, मग थांबा

खोदकाम परवानगीने आणि पुरातत्त्व जाणणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. आधी बोटाएवढे भोक, त्यातून कॅमेरा. खुफूच्या पिरॅमिडमधली नऊ मीटरची बंद मार्गिका २०२३ मध्ये जगाने पाहिली ती दगडांच्या सांध्यातून सरकवलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या कॅमेऱ्यातून. तिच्या आधी कित्येक वर्षे म्यूऑन, म्हणजे आकाशातून येणारे आणि दगडातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण, मोजले गेले होते.

आता मी मोजलेल्या एका गढीबद्दल. भीमेकाठचे गाव, पांढरीचे उंच टेकाड, वर पडक्या बुरुजाच्या दोन भिंती. मे महिना. दुसऱ्या दिवशी दुपारी ४०० च्या अँटेनाने एकाच जागी सलग पाच रेषांवर कमान दाखवली. माथा २७ नॅनोसेकंदांवर, मातीतला वेग नॅनोसेकंदाला बारा सेंटिमीटर, म्हणजे छत साधारण एक मीटर साठ सेंटिमीटरवर. पट्टे उलटे. संध्याकाळपर्यंत गावात "बोगदा घावला" झाले होते. तिसऱ्या दिवशी सळया लावल्या, रेझिस्टिव्हिटीनेही त्याच जागी चढ दाखवला. पण दोन्हीत ती खूण गोल होती, तीनेक मीटरची, आणि कुठल्याच बाजूला पुढे जात नव्हती. भुयार असते तर शेजारच्या रेषांवर ते सरकत गेले असते.

आम्ही चहाला थांबलो तेव्हा शेजारच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या. चुन्याच्या रेषा बघून म्हणाल्या, "काय शोधताय रं बाळांनो? तितं पेव हाय. माझ्या सासूनं जवारी भरल्याली म्या बगितलीया."

पेव. घागरीसारखे अरुंद तोंड, आत मोठे पोट, धान्य साठवायचे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे प्रसिद्ध होती, ज्वारीची तर गावोगाव असत. पडक्या भिंतींची माती वर साचून इथले तोंड खोल गेले होते. आजींचे घर यंत्राच्या जागेपासून वीस पावलांवर होते आणि मी पहिल्या दिवशी त्यांना विचारले नव्हते. तेव्हापासून रेषा आखण्याआधी आसपासच्या प्रत्येक उंबऱ्यावर जातो.

ग्रामपंचायतीने रीतसर परवानगी काढल्यावर पावसाळ्याआधी ते उघडले. तरणी पोरे दोर बांधून उतरायला तयारच होती. आजी ओरडल्या, "आत वारं न्हाई, मरशीला!" त्या अगदी बरोबर होत्या. बंद पेवात प्राणवायू घटतो आणि जड वायू तळाशी बसतो. पेवात उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या गोष्टी अशा प्रत्येक गावात आहेत. पूर्वी आधी कंदील सोडत. पण कंदील तेवत राहिला म्हणजे हवा चांगली असे नाही, विषारी वायू असले तरी तो जळत राहू शकतो. आम्ही दोरीने वायुमापक सोडला. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली कुणीही उतरायचे नाही. तळाशी आकडा १७ च्या आसपास थांबला. पोरांना मागे सारले, तोंड दोन दिवस उघडे ठेवले, पंख्याने हवा खेळवली, आणि पुन्हा मोजले.

तळाशी काळवंडलेल्या दाण्यांचा बोटभर थर होता, भिंतीला शेणाचा लेप, आणि त्या लेपात कुणाच्या तरी बोटांचे ठसे. आम्ही फोटो घेतले, मापे घेतली, काहीही न उचलता वर आलो. अहवालात 'विसंगती क्रमांक १' पुढे मी लिहिले: धान्याचे पेव, पोटाचा व्यास २.९ मीटर, माहिती सांगणारी व्यक्ती शेजारच्या घरातली.